आजीला सांगायचं नाही हं!

आधी पत्र देते, थोडं लहान केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, मी मूळची सांगलीची, सासर डोंबिवलीचं, लग्नानंतर थोड्याच वर्षांत आम्ही ब्रिस्टलला आलो ते इथेच राहिलो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, नवरा आयटीत, मुलगी आठ वर्षांची. २०२१ च्या एप्रिलच्या शेवटी बाबा कोविडनं गेले. भारत तेव्हा नुकताच ब्रिटनच्या कोविड प्रवासबंदीच्या रेड लिस्टमध्ये गेला होता, मला जाता आलं नाही, सगळं फोनवर बघितलं. त्यानंतर लॅबमधल्या एका मैत्रिणीबरोबर मी ब्रिस्टलजवळच्या स्टँटन ड्रूच्या प्राचीन उभ्या दगडांपाशी फिरायला जायला लागले, तिथे येणारा एक छोटा ड्रुइड ग्रुप आहे, म्हणजे जुन्या ड्रुइड पुरोहितांच्या नावानं निसर्गाची पूजा करणारे लोक, हळूहळू मी त्यांच्यातलीच झाले. ओबॉड या ड्रुइडांच्या संस्थेचा घरबसल्या कोर्स करतेय. वर्षाचे आठही सण आम्ही करतो, साविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या गेलेल्या माणसांच्या सणाला, मी बाबांसाठी दिवा लावते. हॉलच्या खिडकीत त्यासाठी माझी एक छोटी जागा आहे. देवघर पण आहे, गणपती पण बसतो. नवरा म्हणतो तुझं तू बघ, मला काही प्रॉब्लेम नाही, पण डोंबिवलीला कळता कामा नये. आता मेमध्ये माझी आई सहा महिन्यांसाठी येतेय, व्हिसा झालाय, तिकीट काढायचंय. सांगू की नको? ऑफिसात सांगू का? मुलीच्या शाळेत कळलं तर काही लफडं होईल का? परवा डोंबिवलीच्या व्हिडिओ कॉलवर मुलगी काहीतरी बोलायला गेली तर नवऱ्यानं तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि नंतर म्हणाला, आजीला सांगायचं नाही हं. नाव छापू नका."

अगं बाई, तू इतके प्रश्न विचारलेस आणि जे खरं अडलंय ते शेवटच्या ओळीत जाता जाता लिहून टाकलंस. सांगू की नको हा प्रश्न तू अजून तुझ्या हातात आहे असं धरून चालली आहेस, पण तो परवाच तुझ्या हातून सुटलाय, आता तो तुझ्या लेकीच्या डोक्यावर आहे. आठ वर्षांच्या पोरीला आता एवढं कळलंय की आई खिडकीत काहीतरी ठेवते आणि ते आजीला कळलं तर काहीतरी वाईट होणार आहे. काय वाईट ते तिला माहीत नाही, म्हणजे ती स्वतःच्या मनानं काहीही भरणार. आणि ज्या आजीशी ती रोज बोलते तिच्यासमोर आता तिला तोंड सांभाळून बसायचंय. हे तू एकटीनं करत होतीस तोपर्यंत मी म्हटलं असतं, घाई कसली, तुझा विश्वास तुझ्यापाशी, कुणाला सांगायचं बंधन नाही, आणि ते अजूनही खरंच आहे. पण पोरीला पहारेकरी बसवलंत ना, तिथे माझं मत बदलतं.

शाळेचं तू विचारलंस म्हणून आधी तेच घेते, कारण ते याच्याशी जोडलेलं आहे. तिकडच्या शाळांमध्ये एनएसपीसीसी या मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा 'पँट्स' म्हणून एक कार्यक्रम शिकवतात, तो पँटोसॉरस नावाचा पिवळा डायनासोर, तुझ्या लेकीनं बहुतेक गाणंसुद्धा घरी आणलं असेल. त्यात मुलांना स्पष्ट सांगतात की ज्या गुपितामुळे तुम्हाला कसंतरी होतं ते गुपित मोठ्या माणसाला सांगायचं. मग विचार कर, एखाद्या दिवशी तुझी पोरगी बाईंना म्हणाली की माझी आई दगडांपाशी जाते आणि मेणबत्ती लावते, तर बाई म्हणतील हाउ लव्हली आणि विसरून जातील. पण तीच पोरगी म्हणाली की घरात एक गोष्ट आहे जी मला कुणाला सांगायची नाहीये, बाबांनी सांगितलंय, तर बाईंचे कान टवकारणारच, आणि टवकारलेच पाहिजेत, तेच त्यांचं काम आहे. म्हणजे तू ज्याला घाबरतेयस ते तुझ्या ड्रुइड असण्यानं होणार नाही, झालंच तर या लपवाछपवीनं होईल.

तुझ्या ग्रुपमधली जुनी मंडळी मात्र मुलांच्या बाबतीत जपून बोलत असतील तर त्यांना वेडं समजू नकोस हं. त्यांनी १९८० आणि ९० ची वर्षं बघितलीत. अमेरिकेतून सैतानपूजेची भीती इंग्लंडात आली, सोशल वर्करना वाटायला लागलं की गावोगावी गुप्त पंथ मुलांचा छळ करतायत, १९९० मध्ये रॉचडेलला मुलं घरातून नेली, १९९१ च्या फेब्रुवारीत ऑर्कनी बेटांवर भल्या पहाटे ९ मुलांना उचललं आणि साधारण पाच आठवड्यांनी परत सोडलं, काही निघालंच नाही. पुढे जीन ला फाँटेन नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी सरकारसाठी अभ्यास केला, १९९४ मध्ये अहवाल आला, सैतानी विधीत मुलांचा छळ होत असल्याचा पुरावा सापडला नाही. ती कुटुंबं काही पेगन, म्हणजे तुमच्यासारखी निसर्गपूजक, नव्हती, पण त्या काळात ज्याच्या घरात पंचकोनी चांदणी लटकत होती त्या प्रत्येकाला वाटत होतं पुढचा नंबर आपला. ते लोक आज साठी-सत्तरीचे आहेत आणि त्यांच्या हाडात ती भीती बसलीये. तू मात्र ती उसनी घेऊ नकोस. कायदा आता तुझ्या बाजूनं आहे, धर्म किंवा श्रद्धा म्हणून तुला २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचं संरक्षण आहे. त्याच वर्षी चॅरिटी कमिशननं 'ड्रुइड नेटवर्क'ला धर्माचं काम करणारी संस्था म्हणून रजिस्टर केलं, त्यावर पेपरात बरंच छापूनही आलं होतं. कार्यक्रमाला मुलीला नेतेस ते उघड्यावर, दिवसा, तू स्वतः बरोबर असताना, एवढं पाळ, बस. हे तर मी सत्संगाला नेणाऱ्या आईलासुद्धा सांगेन.

ऑफिसचं तर फारच सोपं आहे. सांगायची सक्ती नाही, लपवायचं कारण नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ३७ टक्के लोकांनी आम्हाला धर्मच नाही असं लिहिलं, पेगन असं लिहिणारे साधारण ७४ हजार, दहा वर्षांपूर्वी ते ५७ हजारच्या आसपास होते, विक्का, म्हणजे आधुनिक विच लोकांचा पंथ, लिहिणारे १३ हजार वेगळे. तुझ्या लॅबमधल्या लोकांना तू काय मानतेस यापेक्षा तू फ्रीजमधलं दूध संपवून नवीन आणलंस का यात जास्त रस असणार. गळ्यात तू ते ड्रुइडांचं तीन रेघांचं अवेनचं चिन्ह घालत असशील तर घाल, लॅबच्या दागिन्यांच्या नियमात बसतं का तेवढं बघ. रजा हवी असेल तर ॲन्युअल लीव्ह टाक, कारण लिहायची गरज नाही, आणि लिहिलंस आणि कुणी टिंगल केली तर ते मात्र सोडायचं नाही. तिकडे एका दुकानात काम करणाऱ्या विक्कन बाईनं हॅलोविनच्या रात्रीच्या तिच्या सणासाठी शिफ्ट बदलून घेतली, त्यावरून तिची चेष्टा झाली, पुढे नोकरी गेली, ती ट्रायब्युनलमध्ये गेली आणि धर्माच्या भेदभावाचा दावा जिंकली. एचआरच्या फॉर्मवर हिंदू लिहू की पेगन, हा प्रश्न तुला कधीतरी पडेलच, तर तो फॉर्म आकडेवारीसाठी असतो, त्या दिवशी जे खरं वाटेल ते लिही, दोन्हीतलं एक धरवत नसेल तर सांगायचं नाही असा पर्याय पण असतो. एवढंच.

आता आई. इथे मला जरा सावकाश बोलायचंय.

तुला वाटतंय आईला धक्का बसेल तो ड्रुइड, पेगन, दगड, विधी या गोष्टींचा. मला तसं वाटत नाही. सांगलीच्या बाईला दगडाला हात जोडण्याचं कसलं आलंय नवल, शेंदूर फासलेला म्हसोबा तिनं लहानपणापासून बघितलाय. तिला लागणार आहे ते वेगळंच. बाबा गेले तेव्हा तू नव्हतीस. त्यात तुझा काही दोष नव्हता, २३ एप्रिलपासून भारत रेड लिस्टवर होता, गेली असतीस तरी परत येताना दहा दिवस हॉटेलात, पावणेदोन हजार पाउंड भरून, आणि पोर तेव्हा किती लहान. आईला हे सगळं माहीत आहे. पण दहावं-तेरावं तिनं तुझ्याशिवाय केलं, कावळा शिवायची वाट तिनं तुझ्याशिवाय बघितली, वर्षश्राद्धाला तू गेलीस की नाही ते तू लिहिलं नाहीस. आणि आता तिला कळणार की तिची मुलगी दरवर्षी ३१ ऑक्टोबरला परक्या लोकांमध्ये उभी राहून बाबांसाठी दिवा लावते, आणि हे तिला कधी बोलली नाही. ती 'धर्म सोडलास का' असं विचारेल, पण तिला विचारायचं असेल की माझ्याजवळ का नाही रडलीस. म्हणून सुरुवात तिथूनच कर. ड्रुइड हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत नाही आला तरी चालेल.

म्हणजे असं काहीतरी, तुझ्या शब्दांत: 'आई, बाबा गेले तेव्हा मला इथे कुणी नव्हतं गं, मला घरात बसवत नव्हतं, मग मी एका मैत्रिणीबरोबर एका जागी जायला लागले, तिथे जुने दगड आहेत, शेतातच आहेत, तिथे काही लोक ऋतू बदलला की जमतात, त्यांच्यात गेल्या माणसांचा एक दिवस असतो ऑक्टोबरच्या शेवटी, तेव्हा मी बाबांचं नाव घेते.' आणि मग थांब. तिला बोलू दे. ती गप्प बसली तर बसू दे, लगेच कोर्सची माहिती द्यायला लागू नकोस, तू घाबरलीस की खूप माहिती देतेस हे तुझ्या मूळ पत्रावरून दिसतंय, ते साडेचार पानी होतं.

मग ती विचारेल, धर्म बदललास? इथे खरं सांग. तुझ्या पत्रावरून तरी तू बदललेला नाहीस, वाढवलायस. ओबॉडवाले कुणाला आधीचा धर्म सोडायला सांगत नाहीत, त्यांच्यात ख्रिश्चन आहेत, बौद्ध आहेत, कुठलाच देव न मानणारेही आहेत, आणि आपल्याकडे दाखला मागणारं कुणी नाही. बाप्तिस्मा नाही, नाव बदलणं नाही, गोमांस खा असं नाही. आईच्या पिढीला धर्मांतर म्हटलं की हे सगळं दिसतं, त्यामुळे हे नाही-नाही एकदा सरळ सांगून टाकलेलं बरं. पण उद्या तुला मनातून वाटत असेल की गणपती मी फक्त पोरीसाठी बसवते आणि माझं खरं मन त्या दगडांपाशी आहे, तर 'काही बदललं नाही गं' असं म्हणू नकोस. सहा महिने एका घरात राहणार आहे ती. आयांना कळतं.

एक मोह होईल तो टाळ. 'अगं हे आपल्यासारखंच आहे, वटपौर्णिमेला आपण झाडाला दोरा गुंडाळतो, नागपंचमीला वारूळ पूजतो, देवराईतली काठी पण कुणी उचलत नाही, मग हे काय वेगळं?' ऐकायला छान वाटतं, थोडं खरंही आहे, पण आई शांतपणे म्हणेल, मग आपलंच कर की, परकं कशाला. आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. उत्तर हे आहे की तुला तिथे काहीतरी मिळालं जे त्या वेळी देवघरासमोर बसून मिळालं नाही, का नाही मिळालं ते तुलाही नीट सांगता येणार नाही, आणि तसंच सांगितलंस तरी पुरे. सारखेपणा तिला स्वतःला दिसला तर दिसू दे. तिनं म्हटलं तर गोष्ट वेगळी.

दुसरा मोह म्हणजे हे फार प्राचीन आहे म्हणून मोठं करून सांगायचा. स्टँटन ड्रूचे दगड साडेचार हजार वर्षांच्या आसपासचे, म्हणजे ज्युलियस सीझरनं ज्या ड्रुइडांबद्दल लिहिलं त्यांच्याही दोनेक हजार वर्षं आधीचे, ते कुणी आणि कशासाठी उभे केले ते कुणालाच पक्कं माहीत नाही. खऱ्या ड्रुइडांनी स्वतःचं काही लिहून ठेवलं नाही. आज जे चालतं त्याची सुरुवात अठराव्या शतकात, १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर इओलो मॉर्गनुग नावाच्या एका वेल्श कवीनं पहिला मेळावा भरवला, तो हुशार होता आणि जुन्या म्हणून दाखवलेल्या कित्येक गोष्टी त्यानं स्वतःच रचल्या होत्या. तुमचं ओबॉड तर १९६४ चं. याची लाज वाटायचं कारण नाही, आपला सार्वजनिक गणपती तरी किती जुना आहे. पण तू 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' म्हणालीस आणि भाच्यानं गुगल करून खोटं पाडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

आणि गुगल होणारच आहे, त्याची तयारी ठेव. फॅमिली ग्रुपवर बातमी फुटली की पहिल्या दिवशी दोन गोष्टी येतील. एक, नागडे नाचणाऱ्या बायकांचे फोटो. ते मुख्यतः विक्काच्या एका शाखेतून आलेलं आहे, जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त कस्टम अधिकाऱ्यानं १९५० च्या दशकात जो पंथ उभा केला त्यात तशी पद्धत आहे, तुमच्यात नाही, तुमच्यात तर इंग्लंडच्या हवेत तीन स्वेटर आणि वर रेनकोट असतो. दोन, 'ड्रुइड नरबळी द्यायचे'. वेताच्या मोठ्या पुतळ्यात माणसं कोंडून जाळायचे असं सीझरनं लिहिलंय, शत्रूनं लिहिलेलं आहे ते, किती खरं यावर अभ्यासक अजून भांडतात. मामा हे पाठवेल तर चिडू नकोस, 'हो मामा, रोमन लोकांनी लिहिलंय, आम्ही मात्र केक खातो' एवढं पुरे. आमच्यातले काही काका याच्या बरोबर उलट करतील हे पण सांगून ठेवते, त्यांना आनंद होईल, बघा गोरे पण शेवटी आपल्या मार्गावर आले, सगळं जग मुळात हिंदूच होतं, असे फॉरवर्ड सुरू होतील आणि तुला त्यांचा पुरावा करून टाकतील. मला विचारशील तर हे काका जास्त त्रासदायक, कारण त्यांना नाही म्हणणं अवघड.

तुझ्या ग्रुपात विक्कन मैत्रिणीही येत असतील, त्या स्वतःला अभिमानानं विच म्हणवतात. तो त्यांचा हक्क आहे, इंग्लंडात १७३५ चा विचक्राफ्ट ॲक्ट १९५१ मध्ये रद्द झाला तेव्हापासून त्यावरून कुणाला कोर्टात ओढत नाहीत. पण सांगलीच्या फोनवर त्यांच्या गमतीजमती सांगू नकोस. आपल्याकडे हा विषय गमतीचा नाही, सातपुड्यात नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून मारहाण झालीये, गावाबाहेर काढलंय, जीवही गेलेत, त्याविरुद्ध अंनिसची माणसं वर्षानुवर्षं गावोगाव फिरलीत, आणि दाभोळकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यात एखाद्यावर करणी करतो असा ठपका ठेवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा धरलाय. आईच्या कानावर करणी-भानामतीच्या गोष्टी पडलेल्या असणार. तिला कायद्याची धास्ती वाटली, 'तुला पकडतील का गं' असं विचारलं, तर सांग की तो कायदा फसवणूक, अघोरी छळ यासाठी आहे, शेतात उभं राहून सूर्याला नमस्कार करण्यासाठी नाही.

आता डोंबिवली. तुझा नवरा वाईट नाहीये, त्यानं तुला अडवलं नाही, फक्त त्याच्या आईशी त्याला भांडण नकोय. ते त्याचं घर आहे, तिथे कधी आणि किती बोलायचं हे त्याला ठरवू दे, सासूबाईंना तू स्वतः फोन करून सांगण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पण त्याच्याशी एक बोलणं आजच कर, पोरगी झोपल्यावर, आणि त्यात धर्म-बिर्म काही काढू नकोस, फक्त मुलीचं बोल. तिनं आजीला स्वतःहून सांगितलं तर आपण तिच्यावर चिडायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत, फोन हातातून घ्यायचा नाही. आजीनं काही विचारलं आणि तिला उत्तर सुचलं नाही तर 'आईला विचार' म्हणायचं, एवढीच तिची जबाबदारी. आणि तुम्ही दोघांनी मिळून तिला सांगायचं की बाबा परवा म्हणाले ते चुकून म्हणाले, आईच्या खिडकीत लपवण्यासारखं काही नाही. हे त्यानं स्वतः म्हटलेलं बरं, कारण गप्प त्यानं केलं होतं. तो म्हणेल, मग आईला कळेल ना! हो, कळेल. कधीतरी कळेलच. त्याला ते आधी स्वतः सांगायचं असेल तर त्याच्याकडे मेपर्यंत वेळ आहे, कारण मेमध्ये तुझी आई आली की विहिणी-विहिणी फोनवर बोलणारच, आणि तुझ्या आईलाही तू गप्प बसायला सांगणार असशील तर मग कठीण आहे बाई, तीन पिढ्या तोंडाला कुलूप लावून बसणार का?

नवऱ्याला सुरुवात कशी करायची सुचत नसेल तर एक देते. स्टँटन ड्रूच्या दगडांची तिथली दंतकथा तुला माहीतच असेल, लग्नाची वरात होती, शनिवारी रात्री नाच सुरू झाला, बारा वाजले, रविवार लागला, वाजवणाऱ्यानं पुढे वाजवायला नकार दिला, मग एक अनोळखी माणूस सारंगी घेऊन आला तो सैतानच, सकाळी बघतात तर सगळं वऱ्हाड दगड झालेलं. आता तुझ्या सासूबाई कर्जत लोकलनं कधी गेल्या असतील तर बदलापूर सोडल्यावर डोंगरावर ते नवरा-नवरीचे सुळके त्यांनी बघितले असणार, तिथेही वऱ्हाडच दगड झालं म्हणतात. मघाशी मी तुला सारखेपणा दाखवू नकोस म्हटलं आणि आता स्वतःच दाखवतेय, पण तिथे तू श्रद्धा पटवून द्यायला जाणार होतीस आणि इथे नुसती गोष्ट सांगायची आहे. त्यानं आईला म्हणावं, अगं आमच्या इथे पण एक नवरा-नवरी आहेत, तुझी सून दर महिन्याला तिथे जाते. एवढ्यानं सगळं सांगून झालं असं नाही, पण पुढच्या वेळी नात काहीतरी बोलली तर आजीला ते आभाळातून पडल्यासारखं वाटणार नाही.

खिडकीतलं सामान आई यायच्या आधी आवरून माळ्यावर टाकू नकोस. आणि मुद्दाम वाढवूही नकोस. ती कदाचित रोज सकाळी देवाची पूजा झाल्यावर तिथेही एक फूल ठेवेल, कदाचित त्या खोलीत बसणंच टाळेल. दोन्हीला तयार राहा. तिनं टाळलं तर सहा महिन्यांत दहा वेळा 'पण आई तुला प्रॉब्लेम काय आहे' असं विचारून तिचा पिच्छा पुरवू नकोस, तुला स्वतःला तिथे पोचायला एक मरण आणि काही वर्षं लागलीत, तिला तू एक उन्हाळा देणार. तिला दगड दाखवायला न्यायचंच असेल तर २१ जूनच्या स्टोनहेंजला अजिबात नको, ती हजारोंची गर्दी, रात्रभर ढोल, तिचं जे काही चांगलं मत झालं असेल ते तिथे संपेल. एखाद्या साध्या मंगळवारी स्टँटन ड्रूला ने, ग्रुपशिवाय, दोघीच. डब्यात दशम्या घे, थर्मासमध्ये चहा. तिथे शेतात गाई चरत असतात, तिला तेच जास्त आवडायचं.

मराठी मंडळाचं तू मूळ पत्रात ओझरतं लिहिलंयस की कुणाला कळलं तर काय. काही सांगायचं नाही. ते तुझे नातेवाईक नाहीत आणि तुझ्या रात्रीच्या झोपेशी त्यांचा संबंध नाही. कुणी खोचकपणे विचारलंच तर हो जाते, छान वाटतं, तू पण ये एकदा, असं म्हणायचं आणि पुढच्या महिन्याच्या हळदीकुंकवाला नेहमीसारखी भेळ करून न्यायची.

आणि आईला फोन तिकीट काढायच्या आधी कर. तिकीट झाल्यावर केलास तर तिला वाटेल, आता मला नाही म्हणता येणार नाही म्हणून सांगतेय. दुपारी कर, सांगलीचे चार-साडेचार, तिचा चहा झालेला असतो आणि दादा कामावर असतो.